थोरलीला पोहता येत होते

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळीच्या सुटीपूर्वीचा ग्रंथालयाचा शेवटचा तास होता. मुलांचे मन पुस्तकांत नव्हते. ते केव्हाच किल्ल्याच्या मातीत जाऊन पोचले होते. मीही हजेरीपटाच्या बेरजा जुळवीत बसले होते. एवढ्यात सातवीतली एक मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात माझीच कादंबरी होती. आपले पुस्तक दुसऱ्याच्या हातात पाहून लेखकाला काय होते ते मी सांगत नाही. लिहिणाऱ्यांना ते ठाऊक आहे आणि न लिहिणाऱ्यांना ते पोरकट वाटेल.

"बाई, एक विचारू?"

"विचार की."

"ह्यातल्या थोरलीला पोहता येत होतं ना?"

"येत होतं. का गं?"

"मग ती विहिरीत बुडून कशी मेली?"

मी पुस्तक हातात घेतले आणि पाने चाळली. पान ४० वर थोरली अकरा वर्षांची आहे. श्रावणातल्या भरल्या नदीत ती उडी घेते आणि वाहून चाललेले एक वासरू काठाला लावते. सारा गाव तिचे कौतुक करतो. पान ११२ वर हीच थोरली, आता आईमागे घर सांभाळणारी, पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत पडते आणि बुडते. अवघ्या चार ओळींत. पाचव्या ओळीला तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नायक, उंबरठा ओलांडून कायमचा गाव सोडतो. त्याला घराबाहेर काढण्यासाठीच मला हा मृत्यू हवा होता. एका परीक्षणकाराने ह्या चार ओळींच्या संयमाची वाखाणणी केली होती, आणि ते कात्रण मी अजून जपून ठेवले आहे. ती पोहणारी होती हे ना परीक्षणकाराच्या लक्षात आले, ना माझ्या. आणखी एक गोष्ट त्या क्षणी माझ्या ध्यानात आली. सबंध कादंबरीत मी तिला नावच दिलेले नव्हते. 'थोरली', एवढेच.

वर्गात मास्तरणीला 'ठाऊक नाही' असे म्हणायची सवय नसते. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. विहीर खोल असते, डोक्याला दगड लागला असेल, वगैरे. मुलीने ते मुकाट्याने ऐकून घेतले आणि म्हणाली, "वंडर वुमनचंपण असंच करतात, बाई. शक्ती देतात, आणि मग काढून घेतात." सुटी लागण्याच्या दिवशी तिने मला मामाने दिलेले एक जाडजूड पुस्तक वाचायला आणून दिले. जुन्या अमेरिकन चित्रकथांचा तो संग्रह होता.

चित्रकथा मला अगदी अनोळखी नव्हत्या. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाले आणि १९९० साली बंद पडले. रद्दीच्या दुकानातून आणलेल्या त्याच्या जीर्ण प्रतींवर माझे बालपण गेले. वेताळ आणि मॅन्ड्रेक आम्हाला घरच्यासारखे. पण त्यांतल्या बायका मला आठवतात त्या बहुधा कोणीतरी पळवून नेलेल्या. त्या वयात त्यात काही वावगे वाटले नाही. पळवून नेल्याशिवाय वेताळाने तरी काय करायचे? त्या दिवाळीत मात्र फराळाच्या ताटांमधून वाट काढीत मी ते जाड पुस्तक वाचले, आणि पुढचे वर्षभर ह्या नायिका कोणी निर्माण केल्या, कोणी मोडल्या, ह्याचा मिळेल तेथून माग काढीत राहिले. तत्त्वज्ञान मी शिकलेली नाही. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर मला त्या मुलीला देता आले नव्हते, तोच प्रश्न सातासमुद्रापलीकडे ऐंशी वर्षे लोक विचारीत आले आहेत, असे मला आढळले.

वंडर वुमन जन्मली १९४१ च्या अखेरीस. सुपरमॅन आणि बॅटमॅन ह्यांची चलती होती. दहा सेंटला एक अंक मिळे, आणि तो मुलांच्या उशाखाली सापडला की आईबाप चिडत. मॅक्स गेन्स नावाच्या प्रकाशकाने सल्लागार म्हणून विल्यम मौल्टन मार्स्टन ह्या मानसशास्त्रज्ञाला नेमले. रक्तदाबावरून माणसाचे खोटे पकडण्याच्या प्रयोगासाठी हा गृहस्थ प्रसिद्ध होता. त्याचे म्हणणे असे की, मुलींना मुलगी असणे नकोसे वाटते ते त्यांच्यापुढच्या आदर्शात बळ नसते म्हणून. तेव्हा सुपरमॅनचे सारे बळ घ्यावे, त्यात एका भल्या स्त्रीचे गुण घालावेत, आणि पाहावे काय होते ते. चित्रे काढायला हॅरी पीटर नावाचा वयस्क चित्रकार मिळाला आणि डायना नावाची ॲमेझॉन राजकन्या पुरुषांच्या जगात येऊन उतरली.

मार्स्टनचे घर हे एक प्रकरणच होते. पत्नी एलिझाबेथ नोकरी करून कमवीत असे. ऑलिव्ह बर्न नावाची दुसरी स्त्री त्याच घरात राहून सगळ्यांची मुले सांभाळी. आणि दोघींना त्याच्यापासून दोन दोन अपत्ये होती. मार्स्टन वारल्यावरही त्या दोघी एकत्रच राहिल्या. ऑलिव्ह हातांत रुंद कंकणे घालीत असे; तीच वंडर वुमनच्या मनगटांवर आली आणि बंदुकीच्या गोळ्या परतवू लागली. ह्या ऑलिव्हची सख्खी मावशी म्हणजे संततिनियमनाची पुरस्कर्ती मार्गारेट सँगर. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींशी वाद घालून गेली तीच. जग किती लहान आहे पाहा.

पण त्या कंकणांना एक अट होती, आणि मला जे म्हणायचे आहे ते तिथूनच सुरू होते. एखाद्या पुरुषाने ती दोन कंकणे साखळीने एकत्र जखडली, की वंडर वुमनचे सारे बळ नाहीसे होई. १९४२ सालीच, म्हणजे जन्मून वर्ष उलटते न उलटते तोच, हा नियम कथेत आला. आणि मग अंकामागून अंक तिला बांधलेले आहे. दोरखंडाने, साखळदंडाने, खांबाला, खुर्चीला. मार्स्टनचे समर्थन असे की, बंधने तोडूनच स्त्रीची शक्ती दिसते. असेलही. परंतु बेड्या तोडताना दाखवायचे म्हणून दरवेळी आधी बेड्या घालाव्या लागतात, आणि चित्रकाराचा हात कोठे अधिक रेंगाळतो ते लहान मूलही सांगू शकेल. १९४३ मध्ये बालसाहित्याच्या जाणकार जोझेट फ्रँक ह्यांनी तक्रार केली. त्या स्वतः प्रकाशकाच्याच सल्लागार मंडळावर होत्या. तेव्हा गेन्सने आपल्या कार्यालयातील डोरोथी रूबिचेक ह्या संपादिकेला कामाला लावले. तिने साखळ्यांवाचून बाईला अडकवून ठेवण्याच्या पर्यायी रीतींची एक यादी तयार केली. साखळ्या निम्म्याने ते पाऊण हिश्शाने कमी केल्या तरी खपाला धक्का लागणार नाही, असा गेन्सचा अंदाज होता. हे वाचून मला हसू आले, आणि हसू आल्याचे वाईटही वाटले. एका बाईला दुसऱ्या बाईला कोंडण्याच्या रीती टाचून द्यायला सांगावे, आणि तिने त्या टाचून द्याव्यात! तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही. विहिरीची रीत तर मला कोणी सांगितलीही नव्हती. ती माझी मीच शोधून काढली.

लिहिणाऱ्यांची नावे पाहू गेले तर तेथेही तोच प्रकार. १९४१ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे वंडर वुमनच्याही आधी, 'मिस फ्युरी' ही चित्तिणीचे कातडे पांघरून लढणारी नायिका वृत्तपत्रांतून येऊ लागली होती. तिची निर्माती जून टार्पे मिल्स. पण तिने 'जून' हे पहिले नाव गाळले; लिहिणारी बाई आहे हे वाचकांना कळू नये म्हणून. वंडर वुमनच्या कथा 'चार्ल्स मौल्टन' ह्या टोपणनावाने छापल्या जात. १९४४ साली मार्स्टनने आपल्या वर्गातील विशीची एक विद्यार्थिनी, जॉय हमेल, मदतीला घेतली. त्याचे आजारपण वाढत गेले तशी ती स्वतंत्रपणे लिहू लागली आणि तिने सत्तरांहून अधिक कथा लिहिल्या. छापताना नाव चार्ल्स मौल्टनचेच. १९४७ साली लग्न झाले आणि तिने लेखणी खाली ठेवली. २०१८ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी, तिला त्या लेखनाबद्दल पारितोषिक मिळाले. २०२१ मध्ये ती वारली. सत्तर वर्षे एवढी बाई कोणाच्याच आठवणीत नव्हती. जगातली सर्वांत बलवान स्त्री जिच्या हातून चालत होती, ती स्वतः 'थोरली'च राहिली.

दुसऱ्या लेखकांच्या हाती गेल्यावर वंडर वुमनचे काय होई, त्याचा एक मासला सांगते. त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या एका मासिकात सगळ्या नायकांची एक मंडळी होती. १९४२ साली वंडर वुमनला तिच्यात घेतले. सन्मानाने घेतले, आणि चिटणीस नेमले. नायक युद्धावर निघत आणि रणगाडा उचलणारी ही बाई मागे राहून सभेचे इतिवृत्त लिही. मी ज्या ज्या समितीवर काम केले आहे त्या त्या समितीत इतिवृत्त माझ्याकडेच आले आहे. तेव्हा ह्यावर अधिक लिहीत नाही.

१९४७ साली मार्स्टन वारला आणि त्याच वर्षी गेन्सही बोटीच्या अपघातात गेला. लेखन रॉबर्ट कानिगर ह्याच्याकडे आले. पूर्वी प्रत्येक अंकात इतिहासातील कर्तबगार स्त्रियांची चरित्रे येत. टेनिसपटू ॲलिस मार्बल हिने ते सदर चालू केले होते, आणि पहिले चरित्र फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे होते. काही वर्षांत ते सदर बंद पडले आणि त्या जागी देशोदेशीच्या विवाहविधींची माहिती येऊ लागली.

पुढे १९५४ साल उजाडले. फ्रेड्रिक वर्थम नावाच्या मनोवैद्याने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा ग्रंथ लिहिला आणि अमेरिकन सेनेटच्या समितीपुढे साक्षी झाल्या. त्या साक्षीदारांत होता बिल गेन्स, म्हणजे मॅक्स गेन्सचा मुलगा. बापाने बायबलच्या चित्रकथा काढल्या, वंडर वुमन जगापुढे आणली. मुलगा आता भयकथांची मासिके काढीत होता. समितीपुढे त्याच्या एका मुखपृष्ठाचे चित्र धरण्यात आले: पुरुषाच्या एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचे तुटलेले मस्तक. हे अभिरुचीला धरून आहे काय, असे विचारता तो म्हणाला, भयकथेच्या मुखपृष्ठाच्या मानाने आहे. मस्तक थोडे वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखवले असते तर ते वाईट झाले असते. बापलेकांच्या दोन मासिकांमधले अंतर मोजण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. एकाने स्त्रीला पर्वताएवढे बळ दिले, दुसऱ्याने तिचे मस्तक किती उंच धरावे ह्याचा हिशेब सांगितला. पण दोघांच्याही चोपडीत खपाचा आकडा एकाच रकान्यात होता.

वर्थमने आपले पुरावे सोयीप्रमाणे वळवले होते हे २०१२ मध्ये कॅरल टिली ह्या संशोधिकेने त्याची कागदपत्रे तपासून दाखवून दिले. पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. घाबरलेल्या प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःसाठी नियमावली करून घेतली. रक्त आटले हे ठीक. पण प्रेमकथांनी संसाराची महती आणि विवाहाचे पावित्र्य ठसवावे असेही एक कलम तिच्यात होते.

आता मधली वर्षे ओलांडून १९६८ वर येते. त्या वर्षी वंडर वुमनची सगळी शक्ती काढून घेण्यात आली. ती उडेना, गोळ्या परतवीना; कपड्यांचे दुकान चालवू लागली आणि एका आंधळ्या चिनी गुरूकडून कराटे शिकली. ज्या प्रियकरासाठी तिने शक्तीवर पाणी सोडले, तो लागलीच पुढल्या अंकात मारला गेला. तेव्हा कारणही गेले आणि शक्तीही. गंमत अशी की, हे करणाऱ्या लेखकाला आपण स्त्रियांच्या बाजूचे काम करीत आहोत असे वाटत होते: जादूवाचून, स्वतःच्या हिमतीवर जगणारी स्त्री. त्याच्या हेतूविषयी मला शंका नाही. सुपरमॅनला मात्र स्वतःच्या हिमतीवर जगण्यासाठी शिंप्याचे दुकान काढायला कोणी सांगितले नाही. १९७२ च्या जुलैत ग्लोरिया स्टाइनम आणि तिच्या मैत्रिणींनी आपल्या नव्या मासिकाच्या मुखपृष्ठावर जुनी, शक्तिमान वंडर वुमन छापली. ह्या बायकांनी लहानपणी तीच वाचली होती. दिलेले परत करा, असे त्यांचे मागणे होते. १९७३ च्या पहिल्या अंकात ते परत मिळाले.

पण कसे मिळाले, पाहा. लेखनाची आणि संपादनाची सूत्रे पुन्हा कानिगरकडे आली होती. त्या अंकाच्या सुरुवातीलाच एक माथेफिरू बंदूकवाला एका स्त्री-मासिकाच्या संपादिकेला गोळी घालून ठार करतो. तिचे नाव डॉटी कॉटनमन. त्या काळी त्याच कचेरीत डोरोथी वुल्फोक नावाची संपादिका होती. वुल म्हणजे लोकर, कॉटन म्हणजे कापूस. कोटी बालिश आहे, पण अर्थ लपण्यासारखा नाही. आणि ही डोरोथी वुल्फोक कोण? लग्नापूर्वीची डोरोथी रूबिचेक. १९४३ साली साखळ्यांना पर्याय सुचवणारी तीच.

हे वाचले त्या रात्री मी दिवा मालवून बराच वेळ जागी होते. कागदावरच्या माणसाला मारण्यात पाप ते काय, असे मी इतके दिवस मानीत आले. शाईला का जीव असतो? पण कागदावर कोणाला तरी मारताना लिहिणाऱ्याच्या मनात कोणीतरी असते, निदान काहीतरी असते. कानिगरच्या मनात वुल्फोक होती. माझ्या मनात थोरलीविषयी काय होते? द्वेष नव्हता. त्याहून वाईट होते. काहीच नव्हते.

ह्याच मुद्यावर पुढे एक मोठा वाद झाला. १९९४ साली 'ग्रीन लँटर्न' ह्या नायकाच्या कथेत त्याची मैत्रीण अलेक्झांड्रा डिविट हिला खलपुरुष मारतो आणि तिचे प्रेत शीतकपाटात ठेवतो. नायक घरी येतो आणि त्याला ते सापडते. काही महिन्यांपूर्वीच तिला कथेत आणली होती. पाच वर्षांनी, १९९९ साली, गेल सिमोन नावाच्या केशकर्तन करणाऱ्या एका वाचक बाईने चित्रकथांतील मारलेल्या, जायबंदी केलेल्या, शक्ती काढून घेतलेल्या नायिकांची यादी जमवली, तिला ह्या शीतकपाटाचेच नाव दिले, आणि ती लेखकांपुढे ठेवून विचारले: हे असे का? अलेक्झांड्राच्या लेखकाने, रॉन मार्झने, दिलेले उत्तर टाकाऊ नाही. तो म्हणाला, खरा फरक स्त्री आणि पुरुष असा नसून मुख्य पात्र आणि दुय्यम पात्र असा आहे.

मी स्वतः हेच उत्तर त्या मुलीला दिले असते. दुय्यम पात्रे मरतातच. कोणीच मरायचे नाही असे ठरवले तर महाभारत आदिपर्वातच संपेल. एकलव्याचेच पाहा. अर्जुन पहिला राहावा म्हणून त्याचा अंगठा जातो. दिलेली शक्ती काढून घेण्याचे ह्याहून उघड उदाहरण कोणते? पण उघड, हेच त्यातले महत्त्वाचे आहे. व्यासांनी तो अंगठा कोणाचा, कोणी मागितला, कोणासाठी मागितला हे सारे भर सभेत सांगितले. म्हणून आजतागायत प्रत्येक पोर द्रोणाचार्यांना जाब विचारते. कर्णाची विद्या ऐन वेळी आठवेनाशी होते, तीही शापाचा हिशेब आधी मांडून. पुराणिकाला ठाऊक होते की, समोर बसलेली म्हातारी उद्या देवळाच्या पायरीवर अडवून विचारील: काल तर त्याला येत होतं म्हणालास!

मी हिशेब मांडला नव्हता. मी पान ४० विसरले होते. पात्राला दिलेली शक्ती म्हणजे पात्राशी नव्हे, वाचणाऱ्याशी केलेला करार असतो. थोरली नदीत उडी मारते तेव्हा बारा वर्षांची एखादी मुलगी तिच्याबरोबर उडी मारते. विहिरीशी मी थोरलीला फसवले नाही, थोरली नाहीच. मी त्या मुलीला सांगितले की, तुला पोहता येत असले तरी वेळेला त्याचा उपयोग नाही; तुझ्या भावाला गाव सोडायचा असला म्हणजे तू बुडायचे.

मग कोणाला मारूच नये काय? एक्स-मेनमधल्या जीन ग्रेची कथा ह्या दृष्टीने मला फार विचार करायला लावून गेली. १९६३ साली आली तेव्हा ती चारचौघींसारखी सोज्वळ नायिका होती. १९७६ मध्ये लेखक ख्रिस क्लेअरमाँटने तिला अफाट सामर्थ्य दिले आणि 'फीनिक्स' केले. ते सामर्थ्य तिला पेलेना. १९८० साली तिने भुकेपोटी एक सूर्य गिळला आणि त्याच्या ग्रहावरचे पाच अब्ज जीव एका क्षणात नष्ट झाले. लेखक-चित्रकारांनी ठरवलेला शेवट असा होता की, तिची शक्ती काढून घ्यायची आणि तिला घरी पाठवायची. प्रमुख संपादक जिम शूटर अडून बसला. पाच अब्जांची हत्या करून ही घरी जाते? शेवट बदलण्यात आला आणि जीनने चंद्रावर स्वतः मरण पत्करले. पुष्कळ वाचक रडले, पुष्कळांनी शूटरला शिव्या घातल्या.

मला विचाराल तर शूटर बरोबर होता. कर्तीसवरती म्हणून ज्याला मानायचे त्याला कृत्याचे ओझेही द्यावे लागते. शक्ती काढून घरी पाठवणे ही लहान मुलाला द्यायची शिक्षा झाली. जीन आपल्या कृत्यासाठी मेली, कोणाला गाव सोडता यावा म्हणून नव्हे. मात्र सामर्थ्य पेलले नाही ते नेमके बाईलाच, ह्याची बोच मनात राहतेच. ती मी लपवीत नाही. आणि शूटरच्याच कारकिर्दीत, १९८६ साली, जुन्या मंडळींचे नवे मासिक काढायचे ठरले तेव्हा जीन परत आली: खरी जीन समुद्राच्या तळाशी कोषात निजली होती म्हणे, आणि सूर्य गिळणारी ती नव्हतीच. मरणही खोटे, गुन्हाही खोटा. पाच अब्ज मात्र तेवढे खरे मेले. मारण्याने होत नाही एवढा अपमान असल्या जिवंत करण्याने होतो.

तिसरी एक वाट आहे, आणि ती मला सापडली बार्बरा गॉर्डनच्या कथेत. १९६७ साली आलेली ही बॅटगर्ल ग्रंथपाल होती, म्हणून तिच्याविषयी मला जरा अधिक आपुलकी. १९८८ मध्ये ॲलन मूरच्या एका गाजलेल्या कथेत जोकर तिला गोळी घालतो आणि तिचे पाय कायमचे जातात. हे का? तर तिच्या बापाला वेड लागते की नाही ते पाहण्यासाठी. कथा बापाची आणि बॅटमॅनची. ती तिच्यातला एक खिळा. पुढे खुद्द मूरलाही ती कथा नावडती झाली. पण किम येल आणि तिचा नवरा जॉन ऑस्ट्रँडर ह्या लेखक जोडप्याने वेगळेच केले. त्यांनी गोळी पुसली नाही. त्यांनी विचारले, मग पुढे तिने काय केले? १९८९ साली बार्बरा चाकांच्या खुर्चीत परत आली, 'ओरॅकल' ह्या नावाने. तिची स्मरणशक्ती आणि ग्रंथपालाची विद्या कोणी काढून घेतली नव्हती. यंत्रांपुढे बसून ती साऱ्या नायकांना माहिती पुरवू लागली आणि जिच्यावाचून त्यांचे पान हलेना अशी झाली. चाकांच्या खुर्चीत जन्म काढणाऱ्या कित्येक वाचकांना आपली म्हणावी अशी नायिका मिळाली. बावीस वर्षे ती तशी राहिली. २०११ मध्ये तिला पुन्हा पायांवर उभी करण्यात आले, आणि ते लिहिण्याचे काम आले गेल सिमोनकडे; ती यादी करणारी बाई एव्हाना स्वतः नामांकित लेखिका झाली होती. त्या वाचकांपैकी अनेकांना वाटले, आमची माणूस गेली. यादी करणे सोपे असते, असे मी म्हणणार होते. पण तेही सोपे नव्हते. तिच्या आधी कोणी केली नव्हती.

हे सारे आज लिहिण्याचे कारण असे की, माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघते आहे. मुद्रिते घरी आली आहेत. थोरलीची गोष्ट मी प्रकाशकांकडच्या संपादकांच्या कानांवर घातली. ते सज्जन आहेत, कामात वाकबगार आहेत. त्यांनी दोन मिनिटांत उपाय काढला.

"त्यात काय एवढं, बाई? पान ४० वरचा तो परिच्छेद काढून टाकू. पोहता येतं हेच राहणार नाही. मग बुडाली तर कोण विचारतंय?"

मी फोन ठेवला आणि मुद्रितातले पान ४० काढून पाहिले. परिच्छेद लहानसा आहे. काढला तर पानाची जुळणीही बिघडणार नाही. वासरू तेवढे वाहून जाईल.

तिला वाचवावी तर नायक गाव सोडीत नाही आणि पुढची दीडशे पाने उभी राहत नाहीत. बुडू द्यावी तर पोहणारी बाई विहिरीत का हातपाय हलवीत नाही, हे मला लिहावे लागेल. आणि ते लिहायला लागले की मला भीती वाटते, कारण त्याचे उत्तर पाय घसरण्यात नाही, त्या घरात आहे. माझ्या लाडक्या नायकाच्या वागण्यात आहे. मी दोन महिन्यांची मुदत मागून घेतली आहे. पहिल्या आठवड्यात एवढेच झाले की, तिला नाव दिले.

परवा सहामाहीची पुस्तके जमा करून घेताना शाळेची प्रत हाती आली. ती मुलगी आता आठवीत आहे. पान ११२ च्या समासात पेन्सिलीने, शाळेत आम्ही गिरवून घेतो तशा गोल अक्षरांत, लिहिलेले होते: 'पान ४० बघा.' ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्याला पाच रुपये दंड आहे. तो नियम मीच केलेला आहे, फळ्यावर माझ्याच अक्षरात आहे. मी खणातून खोडरबर काढला, पुन्हा खणात ठेवला, वहीत माझ्या नावावर पाच रुपये मांडले आणि पुस्तक कपाटात लावून टाकले.